दोन खंड्या पोरं

गिताबाई खंडीनं मोजायची. वीस मेंढरांची एक खंडी. शाळेची पायरी ती कधी चढली नव्हती, पण दिवस मावळताना कळप जाळीच्या कुंपणात शिरायला लागला की ती एका अंगाला कमरेवर हात ठेवून उभी राहायची, आणि शेवटचं कोकरू आत गेलं की म्हणायची, "आठ खंड्या आन् सात." दुसऱ्या अंगाला तिचा नवरा उभा असायचा. त्याला सगळी वस्ती आबा म्हणते. तो मान हलवायचा. दोघांचा आकडा जुळला म्हणजे चुलीवर तवा चढायचा. नाही जुळला, तर एकानं काठी घेऊन आल्या वाटेनं मागं जायचं आणि बाकीच्यांनी उपाशी बसून वाट बघायची. अशी वेळ वर्षातून दोन-चारदा यायचीच. चूक आबाची नसायची, गिताबाईचीही नसायची. चूक मेंढराची असायची.

तेव्हा त्यांचा संसार घोड्याच्या पाठीवर होता. दिवाळी झाली की चार-पाच घरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळा तांडा, निघायचा, घाट उतरून कोकणात जायचा आणि मृगाच्या आत माघारी यायचा. बाप्यांनी मेंढरांमागं चालायचं, बायांनी बिऱ्हाडाच्या घोड्यांबरोबर. घोड्यावर बाज, भांडी, कोंबड्या आणि चालता न येणारी पोरं. बाईला मात्र घोडा नाही. मल्हार जन्मला तो अशाच एका मुक्कामावर, जुन्नरच्या अलीकडे, कुणाच्या तरी काढलेल्या ज्वारीच्या रानात. चौथ्या दिवशी वाडा हलला, तशी गिताबाईही हलली. हे ती कौतुकानं कधी सांगायची नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "मग काय, तितं एकटी बसू व्हय?"

पुढं कालव्याचं पाणी आलं आणि वाडा थांबला. कवठे येमाईच्या शिवारात, फाट्यापासून हाकेच्या अंतरावर, धनगरांची सात-आठ घरं उभी राहिली. आबानं मेंढरं विकली, दहा-बारा तेवढी ठेवली, आणि वीतभर रानात कांदा लावला. कांद्यानं कधी हसवलं, कधी रडवलं, पण पायांना विश्रांती मिळाली. फक्त नजरेची सवय काही गेली नाही. धनगराच्या घरात पोराला बोलता येण्याआधी एक गोष्ट कळते, की मेंढरू तोंडावरून ओळखायचं नसतं, चालीवरून ओळखायचं. तोंडं सगळी सारखीच. फाट्यावर एसटीतून उतरलेलं माणूस अजून चिंचेपाशी असलं तरी गिताबाई अंगणातून सांगायची, "मारुतराव आला. आन् आज पिऊन आला न्हाई."

मल्हार एकोणिसाव्या वर्षी सैन्यात भरती झाला. मैलभर पळायचं होतं, त्यात तो पहिला आला. बाकीच्या पोरांनी महिनोन् महिने पहाटे उठून सराव केला होता. ह्याचा सराव बोकडामागं पळून आपसूक झाला होता. चार वर्षं नोकरी नीट चालली. मग एकाएकी त्यानं कळवलं की तो कमांडोच्या परीक्षेला बसतोय. तीन महिने रगडा, त्यात टिकेल त्याला वेगळी टोपी आणि वेगळी पलटण. न टिकेल त्यानं मुकाट आपल्या जुन्या पलटणीत परत. आबाला ह्यातलं काही उमगलं नाही. "नोकरी तर हाय ना?" तो म्हणाला. "मग आनखी कशाला चाळणीतनं गाळून घ्यायचं?" पण पोरगं ऐकणाऱ्यातलं नव्हतं, आणि गावाला फार आनंद झाला.

गावाच्या आनंदाचं ठिकाण म्हणजे फाट्यावरचं सोपानरावांचं हॉटेल. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, पुढं ओटा, चहा, भजी, आणि दोन गोष्टी ज्या वस्तीत दुसऱ्या कुणाकडे नव्हत्या: फोन आणि केबलचा रंगीत टीव्ही. मल्हारचा फोन यायचा तो तिथंच. दोन हजार चारच्या मार्चात तो आला, तेव्हा हॉटेल गच्च भरलेलं होतं. सोपानरावांनी फोन उचलला आणि आईबापांना बोलावणं धाडण्याऐवजी स्वतःच ओरडून विचारलं, "काय मल्हारराव! झालं का कमांडो?"

पलीकडून आवाज आला, "झालो."

बास. सोपानरावांनी तिथल्या तिथं सगळ्यांना फुकट चहा पाजला, जो त्यांनी आपल्या मुलीच्या लग्नठरावालाही पाजला नव्हता. गिताबाईला बातमी कळली ती पाण्याला आलेल्या बायांकडून. ती पदर सावरत हॉटेलावर पोचली तोवर फोन बंद झाला होता.

मल्हार यात्रेला येतो म्हणाला होता, आला नाही. मृगाला येतो म्हणाला, आला नाही. सुट्टी नाही, काम लागलंय, पुढच्या महिन्यात बघू. आबा म्हणायचा, कमांडोला काम असायचंच. गिताबाईला ते पटायचं नाही, कारण वस्तीतल्या सखूबाईचा थोरला डोळ्यांसमोर होता. तो पोलीस भरतीत नापास झाला, लाजेनं भोसरीला एका कारखान्यात लागला, आणि नऊ वर्षं घरी फिरकला नाही. बापाच्या मातीलासुद्धा आला नाही. मरण परवडलं, पण जिवंत पोरगं घराची वाट चुकलं तर शोधायला कुठं जायचं, हे गिताबाईला कळत नव्हतं. तिला भीती वाटायची, आणि ती भीती तिनं कुणाला सांगितली नाही.

मग जुलैत टीव्हीवर तो कार्यक्रम लागला. कमांडो कसे घडतात ह्यावर पाच भाग, दर रविवारी सकाळी दहाला, हिंदीतून. कॅमेरावाले मल्हारच्या तुकडीबरोबर जानेवारीपासून होते, हे त्यानं मागंच सांगितलं होतं. सोपानरावांनी टीव्ही आतून काढून ओट्यावर मांडला, म्हणजे बायांनाही अंगणात बसून दिसावं. वीज गेली तर म्हणून ट्रॅक्टर आणि जनरेटर आधीपासून लावून ठेवला. मारुतरावांनी तर त्या दिवशी अंघोळ केली.

पहिल्या भागात पोरं ओळीत उभी होती. गिताबाईनं मोजली. "दोन खंड्या आन् तीन," ती पुटपुटली. शेजारच्या जाईबाईला हसू फुटलं. "आगं, माणसं हायेत ती!" पण गिताबाई हसली नाही, कारण तेवढ्यात मल्हार पडद्यावर आला, डोकं भादरलेला, आणि आपलं नाव सांगून 'जिल्हा पुणे' म्हणाला. अंगणात अशी शिट्टी वाजली की सोपानरावांचं कुत्रं उठून पळालं.

त्यानंतर रगडा सुरू झाला. पोरांच्या पाठीवर मोठाले पिठ्ठू चढवले, खांद्यावर लाकडाचा ओंडका दिला, गटारातून सरपटवलं. झोपू देईनात. जेवण समोर ठेवून उचलून नेलं. त्यांना शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणत. तो जीपमध्ये बसून पुढं जायचा आणि मागं वळून शिव्या द्यायचा. टीव्हीतला भारदस्त आवाज सांगत होता की ही दुनियेतली सगळ्यात कठीण परीक्षा आहे. गावातली बाप्यामाणसं छाती फुगवून ऐकत होती. बायांचं मत वेगळं पडलं.

"वझं घिऊन चालायचं, आन् धड झोपायचं न्हाई, एवढंच व्हय?" जाईबाई म्हणाली.

"आन् वर सरकार पगार देतंय," आणखी कुणी म्हणालं.

गिताबाईचं लक्ष उस्तादाकडे होतं. "त्याला हाकाय येत न्हाई," ती म्हणाली. "पुढं ऱ्हाऊन वरडतोय. मागं चालावं लागतं. मागं चाललं म्हंजी कळतं कोण लंगडतंय." हे मात्र ती खेळीमेळीनं म्हणाली नव्हती.

दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला पोरं पुन्हा ओळीत आली. एक खंडी आणि सोळा. तिसऱ्या भागाला एक खंडी आणि अकरा. आता सगळ्यांच्या तोंडाला काळं फासलेलं, अंगावर चिखल, कोण कुणाचा कोण ते त्यांच्या देवालाही कळू नये. अंगणातले लोक कुणाकडेही बोट दाखवून 'मल्हार, मल्हार' करत होते. गिताबाईला त्रास पडत नव्हता. मल्हार चालताना त्याचा डावा खांदा पावलाच्या आधी पुढं जायचा, लहानपणापासून. माळरानावरून पोरांची रांग दूर दूर जात होती, पाठमोरी, आणि तिला त्यात तो खांदा दिसत होता. शेवटून चौथा. रांग टेकडीआड गेली तेव्हा शेवटून दुसरा. मग भाग संपला आणि साबणाची जाहिरात लागली.

चौथ्या रविवारी ओळ उभी राहिली तेव्हा खंडीला एक कमी होतं. एकोणीस. गिताबाईनं एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. पोरं चालायला लागली. एकोणीस चाली तिनं एकेक करून बघितल्या, आणि त्यात मल्हार नव्हता.

तिनं ओट्याकडे, बाप्यामाणसांत बसलेल्या आबाकडे पाहिलं. एवढ्या गर्दीत हे कळणारं दुसरं माणूस तेवढंच होतं. आबा काठीवर हनुवटी टेकून टीव्हीकडे बघत होता. मग तो उठून उभा राहिला, काठी उचलून पडद्याला लावली आणि म्हणाला, "त्यो बघा मल्हार. उजवीकडनं तिसरा."

सगळ्यांनी माना वळवल्या. आबाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. वाड्याच्या चारशे मेंढरांत आपलं कोकरू ओळखणारा माणूस. उजवीकडचा तिसरा उंचापुरा होता आणि उंटासारखा ढांगा टाकत चालत होता. मल्हारचा आणि त्याचा काही एक संबंध नव्हता. गिताबाईला भीतीच्या जागी आधी रागच आला. पोटचं पोर ओळखू येईना म्हणजे ह्या माणसाला झालंय तरी काय?

घरी आल्यावर तिनं भाकरी थापता थापता विचारलं, "तुमाला लांबचं दिसतंय का नीट?"

"दिसतंय की."

"शिरूरला डोळ्यांचं शिबिर लागतंय म्हणं. एकदा दावून घ्या."

"घिऊ," आबा म्हणाला आणि मेंढरांना पाला टाकायला गेला. गिताबाईनं मनात नक्की केलं की मोतीबिंदू आहे. मग तिला वाटलं, बरंच आहे. एका माणसाला तरी सुखाची झोप लागेल. तिनं त्याला काही सांगितलं नाही.

पाचव्या भागात अकरा पोरांना टोप्या मिळाल्या. उंटाच्या चालीचा त्यात होता. टोपी कपाळावर ओढलेली, संधिप्रकाश, आणि आबा काठी टेकवून ठामपणे उभा. सोपानरावांनी टीव्हीला हळदकुंकू लावलं आणि ओट्याच्या कडेवर नारळ फोडला. कुंकू काचेवरून ओघळून त्या परक्या पोराच्या तोंडावर आलं. त्याच्या आईला बिचारीला कुठं ठाऊक की पुणे जिल्ह्यात तिच्या लेकाची अशी आरती होतेय. लोकांनी आबाला खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं. सत्काराचा फ्लेक्स करायचा ठरला, आणि मल्हार येईल त्या दिवशी गजी ढोल लावून मिरवणूक.

ते ठरलं आणि गिताबाईला कळून चुकलं की पोरगं आता कधीच येणार नाही. एका 'झालो'चं एवढं मोठं झालं होतं की त्याखालून वाकून आत शिरायला जागाच उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं सोनमला, आपल्या नववीतल्या लेकीला, गोठ्यात नेलं आणि पत्र लिहायला बसवलं. सोनमनं आधी 'प्रिय दादास अनेक आशीर्वाद' असं लिहिलं. "ते खोड," गिताबाई म्हणाली. मग पत्र झालं ते असं: टीव्ही पाहिला. तिसऱ्या भागानंतर तू नाहीस. गावाला कळलं नाही, आबांना पण नाही. त्यांना डोळ्यांनी दिसत नाही. मला कळलं आहे. तू दसऱ्याच्या आत ये. गावात एकटा येऊ नको, मी दौंडला स्टेशनवर येते. कोणत्या दिवशी ते सोनमच्या शाळेच्या पत्त्यावर कळव. नाही कळवलंस तर मी रोज जाईन.

लिहून झाल्यावर सोनमनं विचारलं, "आई, खरंच रोज जाशील?"

"चालायचं का मला नवं हाय?" गिताबाई म्हणाली. सोनमनं पाकीट स्वतः पेटीत टाकलं आणि ह्या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही, हे त्या वयात थोडकं नव्हतं.

पंधरा दिवसांनी सोनमच्या शाळेच्या पत्त्यावर कार्ड आलं. त्यावर एवढंच होतं: गुरुवार, झेलम.

आबाला तिनं सांगितलं की पाटसला बहिणीकडे, मालनबाईकडे जाऊन येते. आबा म्हणाला, "जा." कवठ्याहून शिरूर, शिरूरला गाडी बदलून न्हावऱ्यावरून दौंड. भीमेच्या पुलावर गाडी आली तेव्हा तिनं नदीला हात जोडले. आयुष्यात ती एवढी चालली होती, पण एकटीनं गाडीत बसून दुसऱ्या तालुक्याला जायची ही पहिलीच वेळ. स्टेशनात शिरल्यावर एका हमालाला विचारून ती बरोबर फलाटावर जाऊन बसली. झेलम दोन तास उशिरा आली.

गाडीतून फौजी उतरले ते पन्नासभर. सगळ्यांच्या हातात तसलीच काळी ट्रंक, सगळ्यांची डोकी तशीच भादरलेली. गिताबाई उठलीसुद्धा नाही. फलाटाच्या पार त्या टोकाला डावा खांदा आधी पुढं टाकत एकजण येत होता. ट्रंक त्यानं खांद्यावर घेतली होती आणि तो सावकाश येत होता. घरी यायला पाय जड झाले असतील, असं तिला वाटलं.

तो पाया पडला. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. दोघं बाकावर बसले. समोरून एक मालगाडी गेली, तिचे डबे संपता संपेनात.

"तुला कसं कळलं?" शेवटी मल्हारनं विचारलं. "तोंडं काळी व्हती समद्यांची."

"तोंडं कोण बघतंय?"

मल्हार ट्रंकेच्या कडीशी चाळा करत होता. मग त्यानं मान वर न करता सांगितलं, "आई, मला कुणी काढलं न्हाई. मी सोताहून उतरलो. शंभर किलोमीटर चालायचं व्हतं. सत्तर झालं आसल. उस्ताद गाडीत बसल्याला. म्हणला, ज्याला नको आसल त्यानं ह्या गाडीत बसा, आत गरम चहा हाय. मी बसलो. चहा घेतला. निम्मा कप झाला तवा कळलं मी काय केलं ते."

गिताबाईच्या उभ्या जन्मात चालताना कुणी तिला 'बस' म्हटलं नव्हतं, त्यामुळं म्हटलं असतं तर आपण काय केलं असतं हे तिला ठाऊक नव्हतं.

"गोड व्हता का?" तिनं विचारलं.

"काय?"

"चहा."

मल्हारनं तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. "व्हय," तो म्हणाला.

"मग झालं तर," गिताबाई म्हणाली. "ह्ये बघ. गावाला खरं सांग न्हाईतर सांगू नगंस, ते तुझं तू बघ. मी मरस्तवर तोंड उघडणार न्हाई. पर घराला यायचं. सखूबाई रोज सांजच्याला फाट्याकडं बघत बसती. मला तसं बसवू नगंस. यात्रंपासनं माझ्या गळ्याखाली घास उतरला न्हाई."

मल्हारनं ट्रंक उचलली.

परतीच्या गाडीत तिनं त्याला आबानं दाखवलेल्या उंटाच्या चालीच्या पोराची आणि फोडलेल्या नारळाची हकीकत सांगितली. न्हावऱ्याला त्यानं तिला उसाचा रस आणून दिला, तो तिनं दोन घोटांत संपवला. शिरूरला गाडी बदलली. कवठ्याचा फाटा आला तेव्हा दिवस अजून वर होता आणि सोपानरावांचं हॉटेल गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं. मागच्या दारानं, शेतातून जायची वाट गिताबाईनं मनात धरून ठेवली होती. पण मल्हार उतरला तो सरळ ओट्याकडे गेला. आत एकच गलका झाला. सोपानराव हातातला झारा तसाच घेऊन धावत आले.

"आरं, कळवायचं न्हाई व्हय! ढोलवाल्यांना सांगितलं आसतं की!"

मल्हारनं ट्रंक बाकड्यावर ठेवली. "सोपानमामा," तो म्हणाला, "मी कमांडो झालो न्हाई. निम्म्यातनंच उतरलो. फोनवर तुमाला खोटं बोललो."

सोपानरावांना सगळ्यात आधी जे सुचलं तेच त्यांनी विचारलं. "मंग मी नारळ कुणाला फोडला?"

"त्यो हिसारचा हाय," मल्हार म्हणाला.

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग हसू पसरलं. ते हसू मल्हारला नव्हतं. त्याच्याकडे बघायचीच सगळ्यांना चोरी झाली होती. गावाला हसायला कुणीतरी हवं होतं आणि ते कोपऱ्यात बशीतून चहा पीत बसलेलं सापडलं.

"आबा!" मारुतराव ओरडले. "धनगर ना तुमी? काठी लावून दावत व्हता की! सोताचं कोकरू ओळखंना, आन् हरियाणाचा उंट घरात घेतला!"

हॉटेल खदखदून हसलं. आबानं बशी खाली ठेवली, मिशा पुसल्या. "नजर गेली बाबा," तो म्हणाला. "म्हातारा झालो." आणि काठी घेऊन उठला.

त्या रविवारी गिताबाई स्वतःच त्याच्यावर चिडली होती. पण दुसऱ्यांनी हसलेलं तिला सोसलं नाही. धनगराला चोर म्हणा, अडाणी म्हणा, तो ऐकून घेईल. त्याला आपलं जनावर ओळखता येत नाही असं म्हणणं म्हणजे त्याच्या अंगावरचं घोंगडं ओढून घेणं. उद्या हे शिरूरच्या बाजारात पोचणार होतं. तिला नवऱ्याची दया आली आणि डोळ्यांच्या शिबिराला त्याला आधीच न नेल्याबद्दल स्वतःचा राग आला.

तिघं वस्तीवर आली. सोनमनं पाणी आणून दिलं. मल्हार अंगणातल्या बाजेवर बसून आबाच्या बोलण्याची वाट बघत होता. खोटं बोलल्याबद्दल, गावात नाक कापल्याबद्दल, जे काय यायचं ते एकदाचं येऊ दे, असा त्याचा चेहरा होता.

आबा त्याच्यापुढं उकिडवा बसला. "बूट काढ," तो म्हणाला.

"कशाला?"

"उजव्या पायातला. काढ."

मल्हारनं बूट काढला, मोजा काढला. आबानं त्याचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला, मेंढराचा खूर बघायला घेतात तसा, आणि टाचेपासून अंगठ्यानं दाबत दाबत वर निघाला. घोट्याच्या चार बोटं वर आला तेव्हा मल्हार कळवळला. तिथं हाडावर गाठ होती, सुपारीएवढी. मोडून वेडंवाकडं सांधलेलं हाड होतं ते.

गिताबाईनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "तुमाला दिसलं व्हतं?" तिनं विचारलं.

"दुसऱ्या ऐतवारी शेवटालाच पाय चोरत व्हता," आबा म्हणाला. "तिसऱ्या ऐतवारी टाच टेकतच न्हवता. तुझं ध्यान त्याच्या खांद्याकडं."

"मंग त्यो दुसरा पोरगा..."

"तुझ्या जिवाला घोर लागला आसता. वाटलं, मी दावलं तर तू मानशील. म्हणून दावला कुणीतरी." तो गाठीभोवती अंगठा फिरवत राहिला. मग मल्हारकडे मान वर करून म्हणाला, "एवढा मोडका पाय घिऊन सत्तर किलोमीटर चाललास. गाडीत बसाय इतका उशीर का केलास रं?"